सेनारिस्त, दिआलोगिस्त, रेआलिझातर : मराठीत काय लिहावं?

प्रश्न : फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक जाक ओदियारवर लेख लिहितोय. फ्रेंच मजकुरात त्याच्यासाठी 'सेनारिस्त' (पटकथा लिहिणारा) आणि 'रेआलिझातर' (दिग्दर्शक), तर वडिलांसाठी, मिशेल ओदियार यांच्यासाठी, 'दिआलोगिस्त' असं येतं. दोघांनाही सरसकट 'लेखक-दिग्दर्शक' म्हटलं तर?

उत्तर : चूक नाही, पण नका म्हणू. दिआलोगिस्तला आपल्याकडे आयता शब्द आहे, संवादलेखक. आपल्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा, संवाद वेगवेगळे असतात. फ्रेंच सिनेमातही संवादांचं श्रेय अनेकदा वेगळं देतात. मिशेल यांनी दिग्दर्शनही केलं, पण नाव झालं ते संवादांवर. १९६३च्या 'ले तोंतों फ्लँगर'मधली त्यांची वाक्यं फ्रेंच लोक अजून येताजाता फेकतात.

जाकला पटकथाकार म्हणा. नुसतं 'लेखक' वाचून कादंबरीकार वाटतो. आणि 'लेखक-दिग्दर्शक' म्हटलं की दोन्ही कामं पहिल्यापासून एकदम चालली होती असा भास होतो. तसं नाही. जन्म १९५२चा. आधी संकलनात उमेदवारी, मग दुसऱ्यांसाठी पटकथा. १९८३चा क्लोद मिलेर यांचा 'मोर्तेल रांदोने' बापलेकांनी मिळून लिहिला. स्वतःचा पहिला चित्रपट थेट १९९४ला, चाळिशी उलटल्यावर! त्याला पदार्पणाचा सेझार, म्हणजे फ्रेंच चित्रपट पुरस्कार, मिळाला. म्हणून 'आधी पटकथाकार, पुढे दिग्दर्शक' असंच सरळ लिहा.

प्रश्न : आणि 'मेतर आं सेन'? तो नाटकाचाच ना?

उत्तर : शब्द रंगभूमीवरचा, पण सिनेमातही सर्रास चालतो. कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक 'मीझ आं सेन'चंच, म्हणजे मेतर आं सेनच्या कामाचंच असतं. मराठीत रेआलिझातर आणि मेतर आं सेन दोन्हींना दिग्दर्शक. उगाच 'दृश्ययोजक' वगैरे घडवायला जाऊ नये, कुणी वापरणार नाही.

आणखी एक उत्तर : संवादांवरून आठवलं. ज्याला २०१५ला पाम दोर, म्हणजे कानचं सर्वोच्च पारितोषिक, मिळालं त्या जाकच्या 'दीपन'मधले बहुतेक संवाद तमिळ आहेत, आणि ती भाषा जाकला येत नाही. पुढे २०१८चा वेस्टर्न इंग्रजीत, २०२४चा 'एमिलिया पेरेझ' मुख्यतः स्पॅनिशमध्ये. बापाची सगळी पुण्याई पॅरिसच्या बोलीवर, आणि मुलाचं हे असं! मला तर ही गोष्ट बक्षिसांच्या यादीपेक्षा जास्त रंजक वाटते. 'दीपन'ची पटकथाही एकट्याची नाही; तोमा बिदगें आणि नोए दब्रे सोबत आहेत. त्या चित्रपटापुरतं तरी 'सहपटकथाकार' लिहा.