मदत हवी आहे: गावच्या घरात वाटा असेल तर रत्नागिरीतला फ्लॅट 'पहिलं घर' धरतात का?

कुवारबावकर

मंडळी, राजापूर तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं घर आहे. वडील गेल्यावर वारस नोंद झाली आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर काका, दोन आत्या, आई, बहीण आणि मी अशी सहा नावं लागली. आमच्याकडे माजघराला लागून असलेली एक खोली आहे, तीही गणपतीतच उघडते. मी आणि बायको रत्नागिरीत नोकरीला, भाड्याच्या जागेत राहतो. आता कुवारबावला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत वन बीएचके पसंत पडलाय. किंमत 33 लाख, कर्ज 24 लाख, दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेआठ लाख.

पंतप्रधान आवास योजना शहरी 2.0 च्या व्याज अनुदानात आम्ही आकड्यांनी बसतो. उत्पन्न 9 लाखांच्या आत, घर 35 लाखांच्या आत, कर्ज 25 लाखांच्या आत. पाच वार्षिक हप्त्यांत मिळून 1 लाख 80 हजारांपर्यंत मदत होते. आमच्यासाठी ही रक्कम फार मोठी आहे. पण कुटुंबात कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नाही, असं लिहून द्यावं लागतं. चिऱ्याचं कौलारू घर पक्कंच म्हणायचं. पण सहातलं एक नाव म्हणजे माझं घर झालं का? कर्जाचं काम बघणारा एजंट म्हणतो, "सगळेच सही करतात, तुम्हीपण करा." खोट्या कागदावर सही करायची माझी तयारी नाही.

दुसरं, कुवारबाव ग्रामपंचायतीत येतं. तिथे शहरी योजना मिळालेलं कोणी आहे का?

आणि मनातलं बोलतो. निवडणूक आली की घरपट्टी माफी, मुद्रांक शुल्कात कपात, हेच ऐकू येतं. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 पासून माफ झाला, चांगलंच झालं. पण 2020 मध्ये सरकारने मुद्रांक शुल्क डिसेंबरपर्यंत 3 टक्क्यांनी आणि पुढे मार्च 2021 पर्यंत 2 टक्क्यांनी उतरवलं, तेव्हा ती सवलत सरसकट होती. भाड्याने राहणाऱ्याला जेवढी, तेवढीच गणपतीपुळ्याला समुद्रासमोर तिसरं घर घेणाऱ्याला. आजही आपल्या राज्यात पहिल्या घराला म्हणून मुद्रांक शुल्कात वेगळी सवलत नाही. ती असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

वाशिष्ठीकाठ

भाऊ, तळमळ समजते, पण मत पटत नाही. ते तिसरं घर बांधायला गवंडी, सुतार, प्लंबर आपल्याच गावचे लागतात. वर्षभर बंद घराची राखण करून कितीतरी घरं चालतात. शिवाय सवलत फक्त पहिल्या घराला ठेवली की 'पहिलं' सिद्ध करायला दाखले आले, प्रतिज्ञापत्रं आली. तुम्ही आत्ता ज्यात अडकलात, त्यातच सगळे अडकतील. कोकणात वडिलोपार्जित घराच्या उताऱ्यावर नाव नाही असा माणूस दाखवा.

वकीलताई लांजा

आधी कामाचं बोलते.

ती सही तशीच करू नका. घरपट्टीचा उतारा कर आकारणीसाठी असतो, तो मालकीचा पक्का पुरावा नव्हे. पण वारस म्हणून तुमचा अविभक्त हिस्सा आहे, हे खरंच आहे. अर्जासोबत तो हिस्सा स्पष्ट लिहा, उतारा जोडा आणि बँकेकडून लेखी उत्तर घ्या. माहिती लपवली तर दिलेलं अनुदान पुढे वसूल होऊ शकतं. एजंट तेव्हा फोनसुद्धा उचलणार नाही.

फ्लॅट वहिनींच्या एकट्या नावावर घेऊन ही अडचण सुटत नाही. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं, त्यामुळे तुमचं नाव मोजलं जाणारच. मात्र मुद्रांक शुल्कात महिलेला असलेली 1 टक्का सवलत तेव्हाच मिळते, म्हणजे तुमचे 33 हजार वाचतात. तुम्ही सहमालक झालात की ती गेली. पूर्वी ते घर 15 वर्षं पुरुषाला विकता येत नव्हतं, ती अट 2023 मध्ये काढली. नोंदणी फी 30 हजारांवर जात नाही.

कुवारबावसाठी नगर परिषदेच्या आवास कक्षात गट नंबर घेऊन जा. अधिसूचित नियोजन क्षेत्रातली गावं योजनेत धरतात, पण गटावर बोट ठेवून विचारल्याशिवाय बुकिंगचे पैसे देऊ नका.

बांधकाम चालू असताना घेतलात तर 1 टक्का जीएसटी लागेल, भोगवटा प्रमाणपत्रानंतर घेतलात तर लागणार नाही. आणि कोणी 80ईईए, म्हणजे गृहकर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली वजावट, सांगेल, तर ते 31 मार्च 2022 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतं होतं.

एक विनंती. या अनुदानासाठी हक्कसोडपत्र, म्हणजे गावच्या घरातला हिस्सा सोडून देण्याचा दस्त, करू नका. एकदा नोंदलं की ते सहज मागे घेता येत नाही.

कुवारबावकर

ताई, मनापासून आभार. हक्कसोडचा विषय काकांनीच काढला होता, आता त्यांना नाही सांगतो.

वाशिष्ठीकाठ, तुमचा दाखल्यांचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच कायद्यात 'पहिलं घर' ठरवताना वडिलोपार्जित, वाटप न झालेला हिस्सा वगळा, एवढं एक वाक्य हवं. आमच्या आमदारांना तसं लिहून देणार आहे. ताई, मसुदा तुम्ही बघून द्याल का? आणि ज्यांनी हिस्सा जाहीर करून अर्ज केलाय, त्यांनी बँकेने काय कळवलं ते इथे नक्की लिहा.