सल्ला हवा: रोजच्या वापराची पोलो ड्रॅग रेसला न्यायची आहे, काय काय झिजेल? (बजेट २५ हजार)

जालना_टर्बो
नमस्कार मंडळी. गाडी २०२१ ची पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. साठ हजार किलोमीटरच्या पुढं गेलीय. इंजिन कंपनीतून आलं तसंच आहे. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) नाही, एक्झॉस्ट बदललेला नाही. जालन्याहून शेंद्रा एमआयडीसीला ड्यूटीवर रोज हिच्यावरच जातो आणि घरात दुसरी चारचाकी नाही, म्हणून एवढं विचारतोय.

हिवाळ्यात एका बंद धावपट्टीवर ४०२ मीटरची ड्रॅग रेस आहे. रुग्णवाहिका, टायमिंगचे दिवे, स्टॉक म्हणजे काही न बदललेल्या गाड्यांचा वेगळा गट, सगळं असतं. रात्री रस्त्यावर लावायची पैज नाही, हे आधीच सांगतो. तीन-चार रन मिळतील. मला बक्षीस नको, आपल्या गाडीचा खरा आकडा बघायचाय. क्लच, गिअरबॉक्स, टर्बो यांपैकी जास्त मार कशाला बसतो? जायच्या आधी काय बदलून घेऊ? खर्च २५ हजारांच्या आत बसवायचाय, एंट्री फी वेगळी.

वाळूज_गिअर
क्लच. बाकी सगळं नंतर. मी माझी हॅचबॅक अशाच इव्हेंटला नेली होती. रनला काहीच झालं नाही, फक्त जळका वास आला. परत येताना अहिल्यानगरच्या पुढं पाचव्या गिअरला पाय दाबला की आरपीएम वर आणि स्पीड तिथंच. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळा सेट गेला. फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते, तेही बदललं. आता परफॉर्मन्स क्लच टाकलाय. पेडल जड आहे, ट्रॅफिकमध्ये पाय भरून येतो, पण दणकट काम आहे. तुम्ही तोच टाका. बजेट दुप्पट धरा.

लातूर_पॅटर्न
स्टॉक १.० घेऊन रेसला जाऊन काय करणार दादा? ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर. आधी स्टेज १ रिमॅप करा, मग एंट्री भरा. माझी दोन लिटरची डिझेल सेदान आहे, रिमॅप केल्यापासून ओव्हरटेकला गिअर उतरवावाच लागत नाही. आणि क्लच अजून पहिलाच आहे. क्लच पायावर टिकतो, पैशावर नाही.

वाळूज_गिअर
डिझेल सेदान हायवेला चालवणं वेगळं आणि लाईटवर उभं राहून लाँच मारणं, म्हणजे जागेवरून एकदम जोरात सुटणं, वेगळं. तुम्ही एकदा मारून बघा, मग पायाचं सांगा.

गोदाकाठ_नांदेड
यंत्राचं सगळे सांगतील, मी कागदाचं सांगतो, कारण माझं कामच मोटार क्लेमचं आहे. पॉलिसीत ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ असा एक परिच्छेद असतो. त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल हे वापर सरळ वगळलेले असतात. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) घेतलं असलं तरी तेच. धावपट्टीवर गाडी कशाला घासली किंवा उलटली, तर पत्र्यापासून चेसिसपर्यंत सगळा खर्च तुमचा. आयोजक जो फॉर्म सही करायला देतात, तो आधी मागवून घरी शांतपणे वाचा. दुसऱ्याच्या गाडीला धक्का लागला तर कोण भरणार, हे त्यात कुठं लिहिलंय ते बघा.

आणि रस्त्यावर पैज लावणारे इथं वाचत असतील, त्यांच्यासाठी: मोटार वाहन कायदा, कलम १८९. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर १ वर्षापर्यंत आणि १०,००० पर्यंत.

जालना_टर्बो
नांदेडकर, विम्याचं हे मला खरंच माहीत नव्हतं. फॉर्म मागवतो.
लातूरकर, रिमॅप करणार नाही. वाळूजकर, बजेट २५ च आहे.

परभणी_एमएच२२
टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्या. मी समृद्धीवर नागपूरला जाताना नायट्रोजनच भरतो, टायर गरम होत नाही. रेसला तर पाहिजेच.

मोंढा_नाका
नायट्रोजननं टायर गरम व्हायचा थांबत नाही हो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. प्रेशर बरोबर ठेवा, एवढं बस.

परभणी_एमएच२२
मग विमानाच्या टायरमध्ये का भरतात?

मोंढा_नाका
कारण त्यात ओलावा नसतो आणि ऑक्सिजन नसल्यानं ब्रेक तापले तरी आत आग लागायची भीती कमी होते. आपल्या गाडीत ओलावा नको असेल तर कोरड्या हवेचा कंप्रेसर असलेल्या दुकानात भरा. टायर कशानं फुटतो, तर कमी हवा, जास्त लोड आणि म्हातारं रबर. साइडवॉलवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. २०२१ च्या गाडीचे टायर मूळचे असतील तर धागाकर्त्यानं टायरची नक्षी किती उरलीय यापेक्षा रबर तडकलंय का हे बघावं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ४२-४३ डिग्रीत गाडी दिवसभर एमआयडीसीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते.

शहागंज_गॅरेज
जालनेकर भाऊ, उशिरा बघितला धागा. सविस्तर सांगतो, कारण अर्धवट माहितीवर पोरं गाड्या फोडायलेत.

४०२ मीटरभर झीज सारखी होत नाही. मोठा मार पहिल्या वीस-पंचवीस फुटांत बसतो आणि दुसरा रेषा ओलांडल्यावर ब्रेकला. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालते. सुटताना वजन मागं जातं आणि ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात. मग टायर घसरतो, पकडतो, परत घसरतो. पुढून गाडी धडधड उड्या मारायला लागते, त्याला व्हील हॉप म्हणतात. एक्सल आणि सीव्ही जॉइंट (एक्सलचे वळणारे सांधे) यातच तुटतात, इंजिन माउंटिंगचं रबर यातच फाटतं. पॉवर कमी आहे म्हणून वाचाल असं नाही, कारण झटका चाक पकडतं त्या क्षणाला येतो. धडधड सुरू झाली की ॲक्सिलरेटर लगेच सोडायचा. ती रन गेली असं समजायचं. एक्सल वाचला.

क्लच: दिवे पडायची वाट बघत हाफ क्लचवर उभं राहायचं नाही. पेडल पूर्ण दाबून ठेवा, २,००० ते २,५०० आरपीएमवर एका हालचालीत सोडा. चार-साडेचार हजारांवर सोडलं तर स्टॉक टायर जागेवर फिरतात, नाहीतर क्लच घसरून तापतो. दोन्हीत वेळ जातो. वास आला की पुढची रन रद्द. गार झाल्यावर प्लेट परत पकडते असं वाटतं, पण तिच्यावर काचेसारखा थर आलेला असतो आणि क्लच पुढं महिनाभरात तुमच्या शेंद्र्याच्या ट्रॅफिकमध्ये घसरायला लागतो. आत्ता क्लच कसा आहे हे घरी तपासता येतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर, कायद्याच्या स्पीडमध्ये, कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम स्पीडच्या पुढं पळाला तर क्लच संपत आलाय. नाही पळाला तर चांगला क्लच काढून फेकायची गरज नाही.

इंजिन सगळ्यात जास्त मरतं ते चुकीच्या गिअरनं. तिसऱ्यात सहा हजारांवरून चौथा टाकायचा असतो आणि घाईत दुसरा पडतो. इंजिन आठ-नऊ हजारांवर जातं. रेव्ह लिमिटर इथं काहीच करू शकत नाही. तो पेट्रोल तोडतो, आणि इथं इंजिन चाकंच फिरवायलेत. व्हॉल्व्ह पिस्टनला लागला की हेड उघडावं लागतं. म्हणून गिअर मुठीनं ओढू नका, तळहातानं ढकला. दशांश सेकंद गेला तरी जाऊ द्या.

टर्बो तीन-चार रनमध्ये जात नाही. रन झाली की लगेच चावी बंद करायची नाही, हळू चालवत परत या आणि एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. तुमच्या इंजिनचा इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. रनमागून रन मारली की तो तापतो, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इग्निशन मागं घेतो आणि गाडी मंदावते. दोन रनमध्ये बॉनेट उघडून चांगलं थांबा.

आता २५ हजारांचं. आधी ब्रेक ऑइल. डॉट ४ नवं असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, ओलावा पिलेलं १५५ ला. वर्षानुवर्षं तेच असलं तर दुसऱ्या-तिसऱ्या रननंतर पेडल खाली जातं. मग पुढचे पॅड, इंजिन ऑइल-फिल्टर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, गिअरबॉक्स ऑइल, आणि लिफ्टवर घेऊन एक्सल बूट (सांध्यावरचं रबरी कव्हर) आणि माउंटिंगची तपासणी. टायर जुने असतील तर दोन नवे. फक्त ते मागं टाका आणि मागचे पुढं घ्या, पावसात मागचं बूड सुटत नाही.

वाळूज_गिअर
मी पहिल्याच पोस्टमध्ये क्लचचं सांगितलं होतं, गॅरेजवाल्यांनी तेच सांगितलं.

शहागंज_गॅरेज
मी तपासा म्हणालो. बदला नाही म्हणालो.

हिंगोलीकर
बंद पट्टीवर जाताय हे चांगलं करताय. आमच्याकडची पोरं समृद्धीवर रात्री ‘टॉप स्पीड बघायला’ जातात, त्यांच्यासाठी लिहितोय. तिथली मर्यादा ताशी १२० आहे. १३० ला गाडी सेकंदाला ३६ मीटर जाते. चांगल्या ब्रेकवरसुद्धा थांबायला साधारण ८० मीटर लागतात, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर वेगळं. लो बीमचा उजेड त्याच्या आधीच संपतो. कडेला ट्रक बंद पडलेला असतो, त्याचे मागचे दिवे बंद असतात. माझ्या मावसभावाची गाडी अशीच मागून घुसली. तो गेला. मावशी अजून रात्री कुणी गाडी घेऊन निघालं की फोन करून पोचलास का विचारते. पैज नव्हती, शर्यत नव्हती, मोबाइलवर नुसता स्पीडचा व्हिडिओ चालू होता.

मोंढा_नाका
वाईट झालं हिंगोलीकर. स्पीड दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं, हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडीत बसवून दाखवायला पाहिजे.

बीड_बायपास
मधेच विचारतो. माझी सात गिअरची ड्राय क्लच डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) आहे. मी पण येऊ का?

शहागंज_गॅरेज
ड्राय क्लचला गार करायला ऑइल नसतं. लाँचमागून लाँच मारलं की स्क्रीनवर ट्रान्समिशन ओव्हरहीट येतं. एक रन मारा आणि बराच वेळ थांबा, नाहीतर बघायला या. ब्रेक धरून ॲक्सिलरेटर दाबून उभं राहायचं तर अजिबात नाही.

लातूर_पॅटर्न
धागाकर्त्यासाठी सगळ्यात चांगला उपाय सांगतो. पोलोला हात लावू नका. जुनी एस्टीम नाहीतर पहिली बलेनो घ्या, हलकी गाडी, साधं इंजिन, फुटली तर फुटली. २५ हजारांत नाही मिळणार, पण थोडे टाका अजून.

वाळूज_गिअर
हे पटलं. रोजची गाडी वेगळी, रेसची वेगळी.

परभणी_एमएच२२
+१. जुनी गाडी घ्या.

गोदाकाठ_नांदेड
जुनी गाडी म्हणजे १५ वर्षांच्या पुढची. फिटनेस, फेरनोंदणी, पर्यावरण कर, सगळं धरा. मी म्हणेन यंदा नुसतं बघायला जा, पुढच्या वर्षी ठरवा. पंधरा-वीस सेकंदांच्या रनसाठी ड्यूटीची गाडी विम्याशिवाय पणाला लावू नका.

जालना_टर्बो
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय ते लिहितो.

पोलोच नेणार. दुसरी गाडी घ्यायला पैसे नाहीत आणि जागाही नाही, आणि मला आकडा याच गाडीचा हवाय. क्लच आहे तोच ठेवतो. शहागंजच्या काकांनी सांगितल्याप्रमाणं तपासला, आरपीएम पळत नाही. ब्रेक ऑइल, पुढचे पॅड, दोन्ही ऑइल बदलून घेतो. टायर २०२० चे निघाले, चारही बदलायला पैसे पुरत नाहीत, म्हणून दोन नवे घेतोय आणि पुढंच टाकणार. काका, तुमचं मागचं म्हणणं पावसासाठी बरोबर आहे, पण हिवाळ्यात पाऊस नाही आणि लाँच पुढच्या चाकांवर आहे. पावसाळ्याआधी मागचेही बदलतो.

रन दोनच मारणार. चार मिळत असल्या तरी दोनच. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकलीय आणि एक मित्र त्याची गाडी घेऊन सोबत येतोय, कुठं काही झालं तर टोचन करायला. विमा लागू नाही हे घरी बायकोला सांगितलं. तिनं दोन दिवस विचार करून हो म्हटलं, ती पण येतेय.

वाळूज_गिअर
क्लच बदलला असता तर बरं झालं असतं. ठीक आहे, शुभेच्छा.

शहागंज_गॅरेज
टायर पुढं टाकले तरी चालेल, मग जून उजाडायच्या आत मागचे नक्की. एक राहिलं: टायर बदलल्यावर व्हील बोल्ट न्यूमॅटिक गननं आवळून सोडू देऊ नका, टॉर्क रेंचनं १२० न्यूटन मीटरला आवळून घ्या आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत तपासा. डिकीतलं सगळं सामान, जॅक, पाण्याच्या बाटल्या, मोकळे मॅट, रनच्या आधी बाहेर. ड्रायव्हरच्या बाजूचा मॅटसुद्धा, तो पेडलखाली सरकतो. फुल फेस हेल्मेट चांगलं घ्या, दुसऱ्याचं मागून आणू नका.

जालना_टर्बो
मॅटचं लक्षात नव्हतं. येत्या रविवारी गाडी लिफ्टवर घेतोय, एक्सल बूटचे फोटो टाकतो. डाव्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसायलेत असं वाटतंय, ते बघून सांगा.