डीव्हीडी रेकॉर्डर भंगारात देण्याआधी (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी-३०४: जुना डीव्हीडी रेकॉर्डर उद्या भंगारवाल्याला द्यायचाय. त्यावर केलेल्या मुंजीच्या डिस्क लॅपटॉपला लावल्या की रिकाम्या दिसतात. टीव्हीवर मात्र नीट चालतात. काय करावं?

ए-७०२: रेकॉर्डर मुळीच देऊ नका! डिस्क फायनलाइझ, म्हणजे दुसऱ्या मशीनवर वाचता येतील अशा बंद, केलेल्या नाहीत. त्याच रेकॉर्डरच्या डिस्क मेनूत जाऊन आधी 'फायनलाइझ' करा. मधेच वीज गेली तर डिस्क बाद होऊ शकते. घोडबंदरचा पावसाळा बघता इन्व्हर्टरवर लावलेलं बरं.

सी-१०५: काका, आरडब्ल्यू (पुन्हा लिहिता येणारी) डिस्क असेल तर व्हीआर मोडही (रेकॉर्डिंगची वेगळी पद्धत) तपासा. तेव्हा डीव्हीडी_आरटीएव्ही फोल्डरात एकच मोठी व्हीआरओ फाइल असते, ती व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते. व्हिडिओ मोड असेल तर व्हिडिओ_टीएस फोल्डरात १-१ जीबीच्या व्हीओबी फाइली दिसतील. त्या सुट्या कॉपी केल्यात तर मंगलाष्टकं मधेच तुटून पुढच्या फाइलीत जातील. मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर वापरा. सगळे तुकडे जोडून एक एमकेव्ही फाइल देतं, चित्राचा दर्जाही तोच राहतो.

बी-३०४: मोबाइलवर पाठवायला लहान फाइल हवी.

सी-१०५: मग तीच फाइल हॅण्डब्रेक सॉफ्टवेअरमधून एमपी४ करा. त्यातलं डीइंटरलेस (रेघा घालवणारं सेटिंग) चालू ठेवा, नाहीतर हात हलला की कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. आकार ७२०×५७६ आहे, १०८० करून काडीचा फायदा नाही. मूळ एमकेव्ही पुसू नका.

अ‍ॅडमिन: टाकी सफाई उद्या ११ वाजता. चालू द्या तुमचं 🙏

बी-३०४: रेकॉर्डरच्या हार्ड डिस्कवरही बरंच आहे. ती काढून यूएसबीने लावू?

ए-७०२: फॉरमॅट कंपनीचा स्वतःचा असतो, विंडोजला वाचता येत नाही. ते 'फॉरमॅट करू का?' विचारतं. हो म्हटलंत की संपलं! रेकॉर्डरमधूनच हाय-स्पीड डबिंगने (म्हणजे जलद कॉपीने) डिस्कवर उतरवा. त्याचा ड्राइव्हच मेला असेल तर पिवळी-पांढरी-लाल केबल यूएसबी कॅप्चरला (व्हिडिओ लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण) जोडा आणि सॉफ्टवेअरमध्ये 'PAL' (आपल्याकडची टीव्ही पद्धत) निवडा. २ तासांच्या रेकॉर्डिंगला २ तासच लागतील.

सी-१०५: डिस्क पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा, बऱ्याचदा चालते.

बी-३०४: लॅपटॉपचा ड्राइव्ह कुरकुरतोय हो.

ए-७०२: माझा एक्स्टर्नल डीव्हीडी ड्राइव्ह न्या, ७ नंतर घरी आहे. केबलला दोन टोकं आहेत, दोन्ही यूएसबीत लावा. एकाच टोकावर वीज पुरत नाही, डिस्क फिरून थांबते.