होळीला भाट्ये खाडीत नुसते शिंगाळे, काय चुकलं?

पुण्याचा_गळवाला: नमस्कार मंडळी. शिमग्याला गावी रत्नागिरीला आलोय, पालखी बघून झाली की दुपारी रॉड घेऊन भाट्ये पुलाच्या बाजूला बसतो. पौर्णिमेला आणि दुसऱ्या दिवशी 3 ते 6 बसलो, बर्फातली कोळंबी लावली होती, दोन दिवसांत पाच शिंगाळे (मिशीवाले, काट्याचे मासे) आणि बाकी काही नाही, वर एकाचा काटा बोटाला लागला तो अजून ठणकतोय. गेल्या वर्षी मित्राने इथेच तांबोशीसारखा चांगला मासा काढलेला. सीझन नाही की माझंच काही चुकतंय?

खाडीकाठचा: दादा सीझन आहे, वेळ चुकली. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते, आमचे आजोबा घड्याळ न बघता सांगायचे. पौर्णिमा म्हणजे 15, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे तुम्ही 3 ला बसलात तेव्हा पाणी निम्म्याच्या वर उतरलेलं, पाचपर्यंत पार सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. त्यात उधाण, पाणी जोरात ओढतं आणि चिखल उठतो, गढूळ पाण्यात वासावर येणारा शिंगाळाच येणार ना. शिवाय दुपारी समुद्रावरून खारा वारा, लाइन फुगून तिला पोट पडतं, मासा लागलेला कळतसुद्धा नाही. एकादशी-द्वादशी धरा. 12 ची पाऊणपट 9, म्हणजे पहाटे 3 पासून पाणी चढतंय, उजाडताना अर्ध्यावर असतं, आणि तोवर जमिनीवरून येणारी मतलई असते त्यामुळे पाणी शांत. काटा लागला की लगेच सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवून ठेवायचं, बराच फरक पडतो. आता सूज वाढत असेल तर मात्र डॉक्टरकडे जा, अंगावर काढू नका.

देवगडचो_गरीवालो: ता सगळा बरोबर, पण बर्फातली कोळंबी लायल्यार शेंगटे म्हंजे शिंगाळेच येतले रे बाबा. जिताड्यासारख्या मोठ्या माशाक जिती कोळंबी व्हयी नायतर बारको बोय मासो. कोळंबी शेपटेकडसून गरीक लाय, म्हणजे पोवत रवता. शिसा हलक्या ठेव.

रात्रपाळी: पौर्णिमेला काही मिळत नाही हे मला नाही पटत. मी उधाणालाच जातो, फक्त रात्री, भरती टेकून पाणी थांबतं तो अर्धा तास. पण गढूळ पाण्याचं म्हणताय ते खरंय, वाहतं पाणी असताना मीही गप विडी ओढत बसतो.
आणि घाई नको. एप्रिलपर्यंत नदीचं गोडं पाणी आटतं, खारं पाणी खाडीत बरंच आत शिरतं, तेव्हा पुलाच्या आतल्या बाजूला कांदळवनाच्या कडेलाही तांबोशी लागते. तोवर पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, मुडदुशी हा छोटा मासा आहेच, बारीक गरी आणि हलकं शिसं, पोरांना घेऊन जायला मस्त. खडकावर जाणार असाल तर एप्रिल-मेमध्ये इन्कॉइसचा (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) लाटांचा इशारा बघून जा, इथे वारा नसला तरी पार दक्षिण हिंदी महासागरातून उसळी येते, एक लाट अचानक अंगावर. मी एक अख्खी बॅग घालवलीये.

खाडीकाठचा: अजून एक, मोठा जिताडा लागला तर जमल्यास सोडा. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणजे मोठ्या सगळ्या अंड्याच्या माद्याच. आमच्याकडे हे बोललं की लोक हसतात, 800 रुपये किलोचा मासा कोण सोडणार म्हणे.

पुण्याचा_गळवाला: अपडेट. रजा वाढवून घेतली, ऑफिसला शिमगा समजावता समजावता नाकी नऊ आले. एकादशीला पहाटे साडेपाचला गेलो, जिवंत कोळंबी एका कोळीणकाकूंकडून मिळाली. पावणेसातला तांबोशी, पाऊण किलोची असेल. नंतर एक जबरदस्त ओढ, पाण्याबाहेर उडी मारली म्हणजे जिताडाच, थेट पुलाच्या खांबामागे गेला आणि ब्रेड (विणलेली लाइन) कापली. सोडायचा की नाही हा प्रश्न त्यानेच सोडवला 😅
घरी गेलो तर आजी दारातच, एकादशीला मासा घरात आणलास म्हणून! फ्रीजमध्येसुद्धा ठेवू देईना, शेवटी शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये ठेवली आणि द्वादशीला तिनेच तिरफळ घालून केली.