गोळी चालू असताना व्हिटॅमिन डी मोजायचं कशाला?

सातरस्ता_अण्णा: पुतण्या ९ वर्षांचा. किडनी जन्मापासून अधू, क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साचणारा कचरा) चढलेलं. अल्फाकॅल्सिडॉल ही डीची गोळी रोज चालू आहे, म्हणजे डी पोटात जातंच आहे की. तरी दर सहा महिन्यांनी डीची तपासणी लिहून देतात. भाऊ यंत्रमागावर, पगार आठवड्याचा, आणि ही तपासणी काही साध्या लघवीच्या तपासणीच्या भावात होत नाही. त्यात गाव सोलापूर! मे महिन्यात पत्र्यावर भाकरी भाजेल. इथल्या पोराला डी कमी पडतं हे मला पटत नाही. कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) बघा आणि डी सोडा, असं माझं मत.

लॅबातली_ताई: अण्णा, गोळीतलं डी आणि रिपोर्टातलं डी एक नव्हे. उन्हातून, पुडीतून आलेलं डी यकृतात जाऊन २५-हायड्रॉक्सी होतं. ती घरातली कणगी. त्यातून भाकरी थापायचं काम मुख्यतः किडनीचं. तुमच्या पुतण्याच्या किडनीला ते झेपत नाही, म्हणून अल्फाकॅल्सिडॉल, म्हणजे जवळपास तयार भाकरी. बाहेरून भाकरी आणली म्हणून कणगी भरते का? तयार रूप रक्तात काही तासच टिकतं, साठा दोन-तीन आठवडे. म्हणून मोजायचं ते २५-हायड्रॉक्सी. १,२५ नावाची, तयार रूप मोजणारी महागडी तपासणी वेगळी, साठा कळायला तिचा उपयोग नाही. चिठ्ठीवर नुसतं 'डी' असलं तर विचारून घ्या.

आणि 'पीटीएच बघा, डी सोडा' हे तर उलटंच झालं. पीटीएच चढलं की आधी कणगी रिकामी आहे का ते बघतात. न बघता अल्फा वाढवत गेलं तर कॅल्शियम चढतं आणि त्या अधू किडनीतच साचू शकतं.

जुळे_सोलापूरकर: ताई, कणगी मान्य, पण मापाचं काय? आमच्या मुलीचं एकाच आठवड्यात एका लॅबात १७, दुसरीत २६. अशा आकड्यावर औषध ठरवायचं? मी अण्णांच्या बाजूने.

लॅबातली_ताई: पद्धती वेगळ्या असल्या की असा फरक पडतो. दर वेळी एकाच लॅबात करा, म्हणजे चढ-उतार तरी खरा कळेल. तराजू बदलत राहिलात तर ज्वारीचा दोष नाही.

सुजऱ्या_पोराची_आई: माझा मुद्दा वेगळा. मोजा, पण कधी? माझ्या मुलाला नेफ्रोटिक आहे, म्हणजे किडनीतून प्रथिनं लघवीत जातात आणि अंग सुजतं. रिलॅप्समध्ये, म्हणजे आजार उलटला तेव्हा, पापण्या सुजलेल्या, लघवीत प्रथिनं चार प्लस, तेव्हा डी आलं ७. माझा जीव गेला. ओळखीचा मेडिकलवाला म्हणाला, ६०,००० युनिटची डीची पुडी दर आठवड्याला द्या. डॉक्टरांनी थांबवलं. डी वाहून नेणारं प्रथिनच लघवीतून जात असतं, त्यामुळे आकडा आहे त्याहून वाईट दिसतो. सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं तर १८, आणि मधे एकही पुडी नाही. १८ पण कमीच म्हणून रोजचा छोटा डोस चालू झाला. पहिल्या आकड्यावर धावले असते तर?

जुळे_सोलापूरकर: बघा, म्हणजे आकडा फसवतो हेच झालं!

सुजऱ्या_पोराची_आई: दादा, फसवतो ते चुकीच्या वेळी मोजल्यावर.

बालरोग_शिकाऊ: अण्णा, निरोगी मुलांना सरसकट डी तपासू नका, असं भारतीय बालरोग अकादमीही सांगते, त्यांना मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम पुरतं. किडनीच्या मुलांचा हिशेब निराळा. युरोपातल्या बालकिडनीतज्ज्ञांच्या २०१७ च्या शिफारशीत त्यांना ३० च्या वर ठेवायला सांगितलंय. साठा भरायचं औषध चालू नसेल तर ६ ते १२ महिन्यांनी मोजायचं, सुरू केलं तर ३ महिन्यांनी. ४८ च्या वर गेलं तर डी थांबवायचं. मोठ्या पुड्या एकदम नकोत. उन्हाचं म्हणाल, तर मे महिन्यात दुपारी पोराला बाहेर कोण सोडतं? ऊन जास्त म्हणूनच आपण सगळे सावलीत.

सातरस्ता_अण्णा: उन्हाचं मागे घेतो. आमचं पोरगं दिवसभर कूलरपुढे मोबाईल घेऊन पडलेलं असतं. पण ६ महिने की १२, ते मी विचारणारच. आकडा चांगला असला तर १२ का नको? आणि ताई, पीटीएच अन् डी दोन्ही करायचं तर पोराला दोनदा टोचणार काय?

लॅबातली_ताई: नाही हो. नळ्या वेगळ्या लागतील, सुई एकच.