पोटावरची चरबी मशीनने गोठवून घेऊ का? नाशिकमध्ये कोणी केलंय का?

इंदिरानगरची_आई
नमस्कार, वय 36, दोन मुलं, दोन्ही सिझर, धाकटा आता दोन वर्षांचा झालाय. वजन 62 वर आणलंय पण पोट काही केल्या जात नाही, सकाळी बिछान्यातून उठताना तर बेंबीच्या वर मधोमध उभा उंचवटा येतो आणि उभी राहिले की सगळं पोट पुढे. डिसेंबरात भावाचं लग्न आहे आणि साडीत उभं राहायचं म्हटलं की आत्तापासून जीव खाली-वर होतोय. परवा कॉलेज रोडला एका क्लिनिकमध्ये गेले होते, फॅट फ्रीझिंग म्हणाले, कापाकापी नाही काही नाही, 4 सीटिंगचे 48 हजार, त्याच दिवशी भरले तर 36. डॉक्टर भेटल्याच नाहीत, काउन्सेलर मुलगी होती, तिने टेप लावली आणि म्हणाली मॅडम 4-5 किलो आरामात जातील. 2 हजार टोकन देऊन आलेय, घरी अजून कोणाला सांगितलं नाही. ज्यांनी केलंय त्यांनी खरं काय ते सांगा प्लीज.

गोदाकाठ_79
ताई मी केलंय, तीन वर्षांपूर्वी, कमरेच्या दोन्ही बाजूंना. आधी 4-5 किलोचं डोक्यातून काढून टाका, याने वजन कमी होत नाही, माझा काटा अर्धा किलोसुद्धा हलला नाही. जिथे मशीन लावतात तेवढ्याच जागेची चरबी साधारण 20 ते 25 टक्के पातळ होते, तेही लगेच नाही, दोन-तीन महिने जातात कारण मेलेल्या पेशी शरीर हळूहळू बाहेर काढतं.

मला डॉक्टरांनी समजावलं ते असं की थंडीत आपल्याकडे खोबरेल तेल बाटलीत गोठतं पण शेजारच्या तांब्यातलं पाणी गोठत नाही ना, तसंच चरबीच्या पेशी कातडीपेक्षा आधी गोठतात, म्हणून कातडी वाचते. लहान मुलांच्या गालात बर्फाची कांडी धरून धरून तिथली चरबी आटते हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं, त्यावरूनच हे सुचलं म्हणे. अमेरिकेत औषधं-मशीनना परवानगी देणारी सरकारी संस्था आहे एफडीए, तिने 2010 ला कमरेच्या बाजूंसाठी आणि 2012 ला पोटासाठी परवानगी दिली, म्हणजे पद्धत खोटी नाहीये.

होतं काय तर जेलचा ओला कपडा ठेवतात आणि मशीनचा कप कातडी आत ओढून घेतो, पहिली दहा मिनिटं चांगलीच कळ येते मग बधिर होतं. कप काढला तेव्हा कमरेवर लोण्याच्या गोळ्यासारखा घट्ट लालभडक उंचवटा होता, तो त्यांनी दोन मिनिटं चोळला, तेवढी दोन मिनिटं मी दात आवळून काढली. नंतर तीन आठवडे तिथे हात लावला तरी कळायचं नाही. मला फरक पडला, सलवारची नाडी बांधली की वळी यायची ती कमी झाली. पण माझी चरबी चिमटीत येणारी होती. तुमची येते का ते बघा आधी.

फिजिओ_पंचवटी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, बाळंतपणानंतरच्या बायकांचंच काम जास्त करते. उठताना मधोमध उभा उंचवटा येतो हे तुम्ही लिहिलंय तिथेच मी थांबले. ती कदाचित चरबी नसेलही. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधून फाकतात, काहींचे परत जुळतच नाहीत, मग बारीक बाईचंही पोट पुढे दिसतं आणि त्यावर कितीही थंडावा दिला तरी स्नायू जुळणार नाहीत.

आज घरी बघा. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, बोटं बेंबीच्या जरा वर आडवी ठेवा आणि फक्त डोकं-खांदे उचला, मधल्या फटीत दोनपेक्षा जास्त बोटं जात असतील तर दाखवून घ्या. आणि हर्निया नाही ना हे सर्जनकडून तपासल्याशिवाय पोटावर तो कप लावूच देऊ नका. क्रंचेस करत असाल तर सध्या बंद करा, त्याने फट अजून ताणली जाऊ शकते. याचे वेगळे व्यायाम असतात, श्वासापासून सुरू होतात, वेळ लागतो पण बऱ्याच जणींना फरक पडतो.

अजून एक, पोटाच्या आत आतड्यांभोवती जी चरबी असते तिच्यापर्यंत हे कुठलंच मशीन पोचत नाही आणि शुगर-बीपीला तीच जास्त कारण असते. आपल्याकडच्या बायकांनी कंबर 80 सेंमीच्या आत ठेवावी म्हणतात ते त्यासाठीच.

सातपूरकर
बायकोसाठी चौकशी केली होती म्हणून लिहितो. क्वचित उलटंही होतं, चरबी कमी व्हायच्या ऐवजी काही महिन्यांनी तिथेच कपाच्या आकाराचा टणक गोळा वाढतो, तो आपोआप जात नाही, लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढायचं ऑपरेशन, करावं लागतं. मॉडेल लिंडा इव्हांजेलिस्टाने 2021 मध्ये स्वतःबद्दल हेच जाहीर सांगितलं. क्लिनिकला विचारा की असं झालं तर तुम्ही काय करणार आणि लेखी द्या म्हणा. मशीन कोणत्या कंपनीचं, करणार कोण, डॉक्टरचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर काय, हे विचारायला लाजायचं नाही. आम्ही विचारलं तर समोरचा माणूस चिडला, आम्ही उठून आलो. थंडीने अंगावर गांधी उठत असतील तर तेही आधी सांगा. आणि चरबी विरघळवायचं इंजेक्शन स्वस्तात देतो म्हणाले तर अजिबात नको, ज्याला एफडीएची परवानगी आहे ते फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी आहे, पोटासाठी नाही.

इंदिरानगरची_आई
सगळ्यांचे खूप आभार. रात्री मुलं झोपल्यावर करून बघितलं, फिजिओ ताई, तीन बोटं जातात. दोनदा केलं, दोन्ही वेळेला तीन. दोन वर्षं मी पोळ्या मोजून खातेय आणि रोज 50 क्रंचेस मारतेय, एकदाही कोणी पोटाला हात लावून बघितलं नाही हो, टेप तेवढी लावली. मग मिस्टरांना सगळं सांगितलं, ते म्हणाले टोकन गेलं तरी चालेल. गुरुवारी सर्जनकडे नंबर लावलाय, तिथून तुमच्याकडे पंचवटीला येऊ का? सकाळी धाकटा पाळणाघरात असतो, 11 च्या आत जमेल.

फिजिओ_पंचवटी
या ना, 10 ला या. सैल कपडे घाला आणि दोन्ही सिझरची फाइल आणा.