शब्दचर्चा: 'अबकारी' आणि 'दारूबंदी' एकच का?

प्रश्न, वेंगुर्ले

आजोबांच्या ट्रंकेत एक जीर्ण कागद मिळाला. वर 'अबकारी खाते' एवढंच नीट वाचता येतं. आई म्हणते, अबकारी म्हणजे दारूबंदीच. मला ते पटत नाही. आणि 'परमिट रूम' हा शब्द तरी कुठून आला?

उत्तर, गुहागर

ताई, तुमची शंका बरोबर आहे. अबकारी हा फारसी शब्द: आब म्हणजे पाणी, कारी म्हणजे काम. दारू गाळण्याचा धंदा आणि त्यावरचा सरकारी कर, हे दोन्ही अर्थ त्यात आले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखाली माडी, म्हणजे माडाचा आंबणारा रस, काढायची तर परवाना लागे आणि झाडामागे कर भरावा लागे. थोडक्यात, अबकारीत दारू चालू राहते आणि सरकार तिच्यावर पैसे घेतं.

बंदी नंतरची. १ ऑगस्ट १९३९ ला बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. खेर जन्माने रत्नागिरीचे. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. नावातला 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आला, पण कायदा तोच आजही लागू आहे. त्याची अंमलबजावणी करतं ते मात्र राज्य उत्पादन शुल्क खातं, म्हणजे जुन्या अबकारीचाच वारसदार. आईंचा गोंधळ यातूनच झाला असणार, त्यांची काही चूक नाही.

'परमिट रूम' याच कायद्याचं अपत्य. परवान्याशिवाय पिणं गुन्हा, म्हणून परवानाधारकांनी बसायची खोली. १९६० च्या दशकात बंदी सैल झाली, तरी परवान्याची अट कागदावर राहिलीच. त्या कायद्यात प्रकृती राखण्यासाठी म्हणून द्यायचा परवानाही आहे. शब्दाच्या अंगाने मला हे फार मोलाचं वाटतं, कारण फारसीत 'दारू' म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून शाबूत आहे.

भर, मालवण

काकांनी छान उलगडलंत. पण माडीचा उल्लेख करून पुढे गेलात, ते मला लागलं. आम्ही भंडारी, माडी काढणारे; आमच्या घरात तिला कुणी दारू म्हणत नसे. दारू ती, जी भट्टीवर गाळतात. माडी झाडावरून उतरते. माडाची न उमललेली पोय, म्हणजे फुलोरा, दोरीने आवळून बांधायची, हलक्या हाताने ठोकायची, रोज तिचं टोक तासायचं आणि खाली मडकं अडकवायचं. माझे आजे सकाळ-संध्याकाळ माडावर चढत. मडक्याला आतून चुना लावला तर रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसला तर ऊन चढेपर्यंत आंबून माडी होते. झाड एक, रस एक, शब्द दोन. गोव्यात हिलाच सूर म्हणतात, आणि सान्नांचं, म्हणजे तिथल्या इडल्यांचं, पीठ तिच्यावरच फुगवतात.

'दारूबंदी' या एका शब्दात माडी, ताडी, हातभट्टी, विलायती सगळं एकाच पोत्यात गेलं. गावठीने घरं उद्ध्वस्त होतात, ते मी पाहिलंय. दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायका मतदानाने 'बाटली आडवी' करतात, त्यांच्या बाजूने मी उभी आहे. पण माडावर चढणाऱ्याचं पोट आणि भट्टी लावणाऱ्याचा धंदा यांना एकच नाव देणं भाषेच्या दृष्टीनेही चूक आहे. शब्दकोशात माडीचा अर्थ 'एक प्रकारची दारू' एवढाच देऊन थांबू नये.

तुमच्या वेंगुर्ल्याला तर सीमा जवळ. १९६१ पर्यंत पलीकडे पोर्तुगीज होते, तिथे बंदी नव्हती. 'चोरटी दारू' हा शब्द तुमच्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी असेल, आईंना विचारून बघा.

प्रश्नकर्ती, वेंगुर्ले

विचारलं. आई लगेच म्हणाली, "रात्री डोक्यावरून यायची."

तुमचं वाचून कागद पुन्हा उजेडात धरला. खाली 'माड ४' आणि पुढे भरलेल्या रकमेचा पुसट आकडा आहे. चारही माड परसात अजून उभे आहेत.